दारं उघडणारे साहेब

कंपनी औषधं शोधायची, आणि तिथं एक बाई होती, तिला सगळे पेशीवाली म्हणायचे. माणसाच्या यकृताच्या पेशी ताटल्यांत वाढवायच्या, त्यांना खाऊपिऊ घालायचं, उबेच्या कपाटात ठेवायचं, हे तिचं काम. नवरा म्हणायचा, "माझी एवढी विचारपूस केलीस तर मीही दुप्पट होईन." यंदाच्या ताटल्या तर तिनं तळहातावरच्या फोडासारख्या जपलेल्या. त्यांच्यावर नवं औषध तपासून झालं तर तिचा विभाग राहणार, नाहीतर सगळ्यांच्या हाती नारळ.

तशात हसरे साहेब आले. गुणी माणसं कंपनी सोडून पळतात, ती टिकावीत म्हणून थोरल्या साहेबांनी त्यांना जाड पगारावर आणलेलं. गड्यानं जन्मात परीक्षानळी धरली नव्हती, पण इमारतीत एक चक्कर मारली नि रोग ओळखला. दारं.

"बंद दारामागे मनंही बंद होतात," म्हणाले, आणि सगळी दारं उघडी टाकायला लावली. पेशीवालीच्या खोलीचं दार मात्र हट्टी, आपोआप मिटायचं. साहेबांनी व्हरांड्यातली मातीची कुंडी ओढत आणून मधे लावली. आत कपाट दिसलं. दार म्हणजे दार, तेही उघडलं. कपाट बिचारं पिपाणी वाजवत बोंबलत राहिलं.

पेशीवाली जेवून आली ती दारातच थिजली.

"साहेब, इथं बाहेरची धूळसुद्धा चालत नाही. मातीत बुरशी असते."

"मॅडम, हीच भीती आपल्याला घालवायचीय."

"भीती जाईल हो माझी. बुरशी जाणार नाही."

साहेब खळखळून हसले. "विनोद छान करता तुम्ही."

पुढच्या चार दिवसांत ताटल्यांवर पांढरी लव आली, मग कापूस पिंजून टाकल्यागत झालं. पेशीवालीनं सगळं फेकलं, हात धुतले, आणि बराच वेळ हात धुतच राहिली. शेजारच्या खोलीत प्रयोगाचे उंदीर सांभाळणारा उंदीरवाला डोकावला. "ताई, माझ्याकडे कधी येतात ते? पिंजऱ्यांनाही दारं आहेत."

साहेबांनी काय केलं, तर सभा भरवली. न घाबरता हरणाऱ्या कर्मचाऱ्याचा सत्कार. पेशीवालीला पितळी चषक दिला नि माईक पुढे केला.

"मी हरले नाही," ती म्हणाली. "माझ्या पेशी मारल्या. तुम्ही."

साहेबांनीच टाळ्या सुरू केल्या. "बघा, किती मोकळेपणा आलाय!" थोरले साहेबही मान डोलवत होते.

ती तशीच खाली उतरली. शीतपेटीत त्याच पेशींची एक कुपी उरली होती, एकच. वाटेत सुताराला गाठून तिनं कुंडी बाहेर काढली नि दाराला आतून कडी ठोकून घेतली. मग कुपीतला बर्फ वितळवला, पेशी नव्या ताटलीत सोडल्या.

दुसऱ्या दिवशी ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती, तोच दार वाजलं.

"मॅडम, उघडा. आपलं धोरण आहे."

जिवंत पेशी ताटलीच्या बुडाला चिकटतात, मेलेल्या तरंगतात. बऱ्याच तरंगत होत्या. पण कडेला एक थवा चिकटला होता, चांगला पाय पसरून.

"मॅडम, असं वागणं माणसं जोडणारं नाही."

"नाहीच आहे," ती आतून म्हणाली, डोळा न काढता.

साहेब वर तक्रार करायला गेले. पावलं लांब गेल्यावर दारावर नखानं हळूच टकटक झाली.

"ताई," उंदीरवाला कुजबुजला, "तो सुतार कुठं बसतो गं?"