बाबांनी आवळलेला पेच

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा बरं: नऊ वर्षांची एक मुलगी लोखंडी शिकंज्याचा दांडा धरून उभी आहे. दुकानाच्या दारात एक आजोबा टोपी हातात घेऊन थांबलेत. आणि मुलगी काही दांडा फिरवत नाही.

शिकंजा म्हणजे बांधलेलं पुस्तक दाबून ठेवायचं यंत्र. खळ वाळेपर्यंत पुस्तक दोन फळ्यांमध्ये ठेवायचं आणि वरचा पेच आवळायचा. तिचे बाबा बाइंडर. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी असाच पेच आवळला, जेवायला घरी आले आणि त्याच संध्याकाळी अचानक वारले.

शिकंज्यात होती पत्रं. दारातल्या आजोबांना त्यांच्या घरच्या आजींनी आयुष्यभर लिहिलेली. आजी आता अंथरुणाला खिळल्या होत्या. माणसं ओळखत नसत, पण त्यांचीच पत्रं वाचून दाखवली की हसत. पानं सुटी व्हायला लागली, म्हणून आजोबांनी ती बांधायला दिली होती. आजची त्यांची तिसरी खेप.

“गोगलगाय, हल की!” दादा म्हणाला. “पेन्सिल निवडायला अर्धा तास लावतेस ते चालतं. सरक, मी काढतो.”

“हात लावू नकोस.”

“अगं, खळ कधीच वाळली!”

“माहितीये मला.”

आईनं दादाला डोळ्यांनीच गप्प केलं. गेल्या दोन्ही खेपांना तिनंच आजोबांची माफी मागितली होती. तिचाही हात त्या पेचाकडे जात नव्हता.

“राहू दे गं बाळ,” आजोबा म्हणाले. “मी उद्या येतो. कालपासून आमची ही जरा गप्प आहे, एवढंच.”

मुलीनं खाली पाहिलं. फळीला चिठ्ठी चिकटवली होती, बाबांच्या अक्षरात: ‘पत्रं. शुक्रवारी नक्की.’ ‘नक्की’खाली दोन रेघा.

पेच बाबांच्या हातचा होता. एकदा सैल झाला की तसा आवळणारं आता कुणी नव्हतं. आणि ‘नक्की’ म्हणून दिलेला शब्दही बाबांचाच. शाळेतून आल्यावर रोज ती इथे येऊन बसे. कधी पेचाकडे बघे, कधी चिठ्ठीकडे. घरच्यांना वाटे, हिला काही सुचत नाही.

तिनं दांडा ओढला. हलला नाही. दोन्ही हातांनी ओढला. तरी नाही.

“दादा, तूही धर. पण हळू.”

एरवी सगळ्यात आधी धावणारा दादा नाक बाहीला पुसत पुढे आला आणि दांडा नुसताच धरून उभा राहिला. मग पेच करकरला.

पुस्तक बाहेर आलं. आजोबांनी हात पुढे केला, तरी तिनं ते लगेच दिलं नाही. बाबा करायचे तसं चारही कोपरे बोटांनी चाचपले, पाठीवरून अंगठा फिरवला, कागदात गुंडाळलं. मग चिठ्ठी सोडवून आपल्या खिशात ठेवली आणि पुस्तक दोन्ही हातांनी पुढे धरलं.

“उशीर झाला, आजोबा,” ती म्हणाली. “चला, मी घरापर्यंत घेऊन येते.”