बिस्किटांची बदनामी

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींचं तळलेलं, बेकरीतलं, पाकिटातलं सगळंच बंद करून टाकलं.

"मग चार वाजता भूक लागते तिचं काय करू?"

"घरी करा की काहीतरी पौष्टिक."

तीस वर्षं लिफ्टच्या मोटरी खोलून जोडणाऱ्या माणसाला बिस्किटांचं काय एवढं! बायकोला "तू बाजूला हो" म्हणत मिस्त्रींनी ओट्स, खजूर आणि अळशी मळून गोळे थापले आणि ओव्हनमध्ये ढकलले. पहिला घास बायकोने घेतला आणि गाल धरून खुर्चीत बसली.

"दात हललाय. तुम्ही खा, मी बघते."

धाकटी मुलगी भेटायला आली होती, ती हसून हसून लाल झाली. जाताना तिने एक बिस्कीट डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. टेबल हलायचं थांबलं. मिस्त्रींनी मात्र जिद्दीने उरलेली सगळी बिस्किटं डब्यात भरून कामावर नेली.

वर्कशॉपमध्ये दुपारच्या सुट्टीत वायरमन मोबाईलवर विनोदी पॉडकास्ट लावायचा. "आज एक नवीन ऐका. दोन मैत्रिणी घरातले किस्से सांगतात. पोट दुखतं हसून!"

मिस्त्रींनी बिस्कीट दाढेखाली धरलं आणि मोबाईलमधून आवाज आला, "आमचे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. हल्ली बिस्किटंही करतात. लिफ्ट कोसळली तरी बिस्कीट फुटणार नाही!"

सगळे खो खो हसले. मिस्त्री गारठले. आवाज धाकटीचा होता. पुढे आईच्या दाताचा किस्सा आला, मग टेबलाच्या पायाचा.

वायरमन हसता हसता थांबला. त्याने आधी मिस्त्रींकडे पाहिलं, मग डब्याकडे.

"मिस्त्री, तोंडात काय आहे?"

"कुठे काय?" मिस्त्री म्हणाले, आणि तेवढ्यात बिस्कीट कडाड्कन मोडलं.

उरलेल्या सुट्टीत हसण्यापायी कुणी जेवलंच नाही.

घरी जाताना मात्र त्यांना वाईट वाटलं. पोरीने घरचं चव्हाट्यावर मांडलं, आणि आपल्याला पत्ता नाही. ते तडक तिच्या घरी गेले.

"निदान मला सांगायचं तरी होतंस."

तिचा चेहरा पडला. "चुकलं बाबा. आत्ता काढून टाकते तो भाग."

मिस्त्री चपला काढून खुर्चीत बसले. मग म्हणाले, "काढू नकोस. पण किस्सा अर्धाच सांगितलास. बिस्किटं ट्रेला चिकटली होती. पान्याने उपटली मी. ट्रेच वाकला."

"आईला माहीत आहे?"

"वेडी आहेस का? ट्रे माळ्यावर आहे."

धाकटीने तोंडावर हात दाबला. "बाबा, हे तुम्हीच सांगा ना!"

रविवारी तिच्या खोलीत, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्यांना गोधड्या लावून, मिस्त्रींना माइकसमोर बसवलं. त्यांना एकच पद्धत माहीत, तक्रार-वहीतली. "बिघाड: बिस्कीट कडक. कारण: पाणी कमी, आत्मविश्वास जास्त. उपाय: पुढच्या वेळी दोन केळी." मैत्रीण खुर्चीवरून घसरली. नेमका तिचा धक्का लागून माइक पडला, तो मिस्त्रींनीच दुरुस्त केला, बोलता बोलता.

भाग प्रसिद्ध झाला तेव्हा बायको स्वयंपाकघरात एकटीच ऐकत होती. ट्रेचा उल्लेख आला आणि तिने माळ्याकडे पाहिलं. मग शिडी आणली.

"अहो," बाहेर हाक आली, "जरा आत या."

मिस्त्री धाकटीकडे भाजून आणलेली केळ्यांची नवी, मऊ बिस्किटं पुढे धरूनच आत गेले.

"ट्रेचं नंतर बोलू," ती म्हणाली आणि दोन बिस्किटं उचलली. "आधी तो किस्सा पुन्हा लावा. हसताना अर्धा ऐकूच आला नाही."