इंजिनाकडची तार

छोटी अडतीस वर्षांची होती, दोन पोरींची आई होती, आणि चष्म्याशिवाय तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. तरी दुकानात सगळे तिला छोटीच म्हणायचे, कारण दादा तिला छोटी म्हणायचा आणि दुकान दादाचं होतं. म्हणजे कागदावर भावाबहिणीचं, दोघांचं होतं. पण कागद कपाटात असतो आणि दादा सदानकदा दुकानात असायचा.

धंदा होता गाड्यांच्या दारांत नवे स्पीकर बसवायचा. नव्या कोऱ्या गाडीबरोबर जे स्पीकर येतात ते रिकामा डबा वाजवल्यासारखे वाजतात, हे गाडी घेणाऱ्याला महिन्याभरात कळतं, आणि मग तो इथे येतो. बाबांनी हे दुकान काढलं, काम शिकवलं ते फक्त दादाला. छोटीला मिळालं काउंटर. अकरा वर्षं तिने फोन घेतले, लोकांना खुर्च्या दिल्या आणि “अजून अर्धा तास” हे एकच वाक्य हजारो वेळा म्हटलं. पण डोळे काही काउंटरला बांधलेले नव्हते. दाराचं पॅनेल कुठून उचलायचं, कुठली क्लिप आधी सोडायची, हे सगळं तिने बसल्या जागेवरून टिपलं होतं.

दोन महिन्यांपूर्वी दुकानातला फिटर स्वतःचं दुकान टाकायला निघून गेला आणि दादाचे हाल कुत्रा खाईना. तेव्हा कुठे त्याने छोटीला एक दार दिलं. उजवं दार दादाचं, डावं छोटीचं. पहिल्या दिवशी पॅनेलच्या नऊच्या नऊ क्लिपा न तुटता टक् टक् करत निघाल्या, तेव्हा तिला इतका आनंद झाला की तिने तो घरी सांगितलासुद्धा नाही. सांगून कळला नसता आणि वर हसले असते. पण मनातून तिने ठरवून टाकलं होतं, मरेपर्यंत हेच काम करायचं.

आणि मग रेडिओकाका आले. हे गृहस्थ पस्तीस वर्षं रेडिओ केंद्रात आवाज मुद्रित करायचं काम करत होते. निवृत्त झाले, पण कान काही निवृत्त झाले नाहीत. स्पीकर बसवून गेले आणि चौथ्या दिवशी परत आले. आवाज स्वच्छ आहे, म्हणाले, पण खर्ज नाही. खालचे सूर येतच नाहीत.

दादाने नेहमीप्रमाणे दोन्ही दारं सताड उघडली, आवाज पूर्ण वाढवला आणि उजव्या दाराशी उभा राहिला. धाड धाड वाजत होतं. डाव्या दाराशी गेला, तिथेही तेच. समोरचा शिंपी मशीन थांबवून बाहेर बघायला लागला. वाजतंय की काका, असं म्हणून दादाने त्यांची बोळवण केली. आठवड्याने काका पुन्हा हजर. या वेळी त्यांनी किल्ली काउंटरवर ठेवली आणि सांगितलं की उद्या चार वाजता येतो, जमलं नाही तर हे स्पीकर काढा आणि माझे जुनेच परत लावा. चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. ते अगदी शांतपणे बोलले, आणि बाबांच्या काळापासून दुकानात ‘जुनेच परत लावा’ कोणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केल्या केल्या दादा बोलला, आणि तोही शांतपणेच.

“छोटे, तुझ्या दारात काहीतरी राहतंय. ही गाडी झाली की तू परत काउंटर बघ. मी नवा माणूस शोधतो.”

भांडायला छोटीच्या हातात काही नव्हतंच. दादा दोन तपं हे काम करत होता, ती दोन महिने. चूक कोणाची असणार, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

दादाने उपायही ठरवला होता. दोन्ही दारांना मोठे स्पीकर. त्यासाठी दाराच्या आतला पत्रा गोल कापून भोक वाढवायचं. त्याने खडूने वर्तुळं काढली आणि कटर आणायला पलीकडच्या गॅरेजमध्ये गेला. पत्रा एकदा कापला की कापला, तो काही परत जोडता येत नाही. काकांचे जुने स्पीकर मग त्या भोकात बसणारच नव्हते.

दादा परत येईपर्यंतचा वेळ, बस, तेवढाच छोटीच्या हातात होता. आधी तिने स्वतःलाच धारेवर धरलं. डाव्या दाराचे स्क्रू तपासले, स्पीकरमागची फोमची रिंग तपासली, पत्र्याची भोकं झाकणारी शीट बोटांनी दाबून बघितली. सगळं जिथल्या तिथे. मग तिला एक साधी गोष्ट सुचली, इतकी साधी की तिला स्वतःचाच राग आला. काका गाडी ऐकतात ती आत बसून. आणि या दुकानात आजवर कोणी आत बसून ऐकलंच नव्हतं.

त्यालाही कारण होतं. मळक्या कपड्यांनी गिऱ्हाइकाच्या सीटवर बसायचं नाही, ही बाबांची सक्त ताकीद. म्हणून ऐकायचं ते बाहेर उभं राहून, दार उघडं टाकून, एकेका बाजूने. रस्त्यालाही कळतं की इथे काम चाललंय.

छोटीने एप्रन काढला, सीटवर वर्तमानपत्र पसरलं, आत बसली आणि दारं लावून घेतली. गाणं सुरू केलं. काका शंभर टक्के खरं बोलत होते. आवाज होता, पण त्याच्यात जीव नव्हता. तिने आवाज पूर्ण डावीकडे वळवला. खर्ज आला, दणदणीत आला. अगं बाई, माझं दार तर वाजतंय. मग पूर्ण उजवीकडे वळवला. दादाचंही दार वाजत होतं. मध्यावर आणला की खर्ज गायब. तिने हे पुन्हा पुन्हा करून बघितलं, आणि पाचव्या खेपेला तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

स्पीकरचा पडदा पुढेमागे हलतो आणि हवा ढकलतो. दोन्ही पडदे एकदम पुढे आले तर खर्ज दुप्पट. पण एक पुढे येतोय तेव्हाच दुसरा मागे जात असेल, तर एकाने दिलेलं दुसरा काढून घेतो आणि मधे बसलेल्याच्या पदरी काहीच पडत नाही. म्हणजे कुठल्या तरी एका दारात प्लस आणि मायनसच्या तारा उलट्या लागल्या होत्या.

पण लागल्या कशा? दोघांनीही तारा जोडल्या होत्या बाबांच्या नियमाने. दाराच्या प्लगमध्ये दोन तारा असतात, त्यातली इंजिनाकडची तार प्लस. दादा हा नियम मंत्रासारखा म्हणायचा. छोटीने दोन्ही दारांतले प्लग पुढे ओढले आणि चष्मा नाकावर सरकवून नीट बघितले. जुन्या गाड्यांत डावा आणि उजवा प्लग एकमेकांसमोर धरलेल्या दोन तळव्यांसारखे असायचे, म्हणून नियम दोन्हीकडे लागू पडायचा. या गाडीला कंपनीने दोन्ही दारांत अगदी एकच प्लग लावला होता, एकाच तोंडाचा. मग नियम एका दारात बरोबर आणि दुसऱ्यात चूक, याला इलाजच नव्हता.

आता चूक कुठल्या दारात? छोटी काही संत नव्हती. तिने मनोमन देवाला विनवलं की दादाच्या दारात निघू दे.

तिने भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. स्टिरिओ बाहेर ओढून त्याच्या मागच्या तारा मोकळ्या केल्या. तिथे रंग ठरलेले असतात, साधा रंग प्लस आणि काळ्या रेघेचा मायनस. सेल उजव्या दाराच्या तारांना प्लसला प्लस धरून टेकवला. दादाच्या स्पीकरचा पडदा टप् करून बाहेर आला. बरोबर. मग डाव्या दाराच्या तारांना टेकवला, आणि तिच्या स्पीकरचा पडदा आत गेला. चूक तिच्याच दारात होती.

क्षणभर तिच्या मनात आलं, गुपचूप तारा बदलून टाकाव्यात. कोणाला पत्ताही लागला नसता. पण मग दादाला कधीच कळलं नसतं आणि ती काउंटरवरच बसली असती. तेवढ्यात दादा कटर घेऊन आत आला. स्टिरिओ बाहेर, प्लग लोंबकळताहेत, सीटवर वर्तमानपत्र. हे बघून त्याचं डोकंच सणकलं. हा काय पसारा मांडलायस, म्हणाला, आणि सरळ कटरची वायर बोर्डात खुपसायला गेला. छोटी त्याच्या आणि दाराच्या मधे उभी राहिली.

“दादा, पत्रा कापायचा नाही. चूक माझ्या दारात आहे. पण ती बाबांच्या नियमाने झाली आहे. तुझं दार नशिबाने बरोबर आलंय.”

बाबांचा नियम चुकत नाही, असं दादा म्हणाला, पण छोटीने सेल त्याच्या हातात दिला तेव्हा त्याने तो घेतला. उजवा पडदा बाहेर. डावा आत. त्याने सेल निरखून बघितला, पुसून बघितला, पुन्हा तसाच लावला. पडद्याला बाबा माहीत नव्हते, तो आपला आतच जात राहिला. दादाने कटर खाली ठेवला.

छोटीने डाव्या दाराच्या दोन तारा अदलाबदल करून जोडल्या, स्टिरिओ जागेवर सरकवला आणि दादाला आत बसायला सांगितलं. त्याने आधी स्वतःच्या कपड्यांकडे बघितलं, मग वर्तमानपत्राच्या कडेवर अवघडून बसला. तिने बाहेरून दार लावलं. काचेतून तिला दिसलं की गाणं सुरू झालं आणि दादाने दचकून हात छातीवर ठेवला. खर्ज छातीत येऊन बसला होता. गाणं संपलं. त्याने दुसरं लावलं. छोटी बाहेर उभी होती आणि तिला रडूही येत होतं आणि नाचावंसंही वाटत होतं.

दादाने काच खाली केली.

“या मॉडेलच्या किती गाड्या केल्या गं आपण?”

सात, छोटीने सांगितलं. काउंटरवर अकरा वर्षं काढलेल्या बाईला एवढं तोंडपाठ असणारच. आणि सातपैकी पाच गाड्या झाल्या तेव्हा ती काउंटरवरच होती, डाव्या दाराला तिचा हातसुद्धा लागला नव्हता. हे तिने बोलून दाखवलं नाही. दादा बोटांवर मोजत होता, त्याचं त्याला कळलं. काकांना सोडून सहा जणांच्या गाड्या खर्जाशिवाय फिरत होत्या आणि काकांसारखे कान नसल्यामुळे बिचारे त्यातच खूश होते.

काका चारला आले. आत बसले, दार लावलं, डोळे मिटले. पाच मिनिटं दोघं भावंडं बाहेर शिक्षा झाल्यासारखी उभी. काका उतरले ते हसतच. माझ्या स्टुडिओतही असा आवाज लागायला महिने गेले होते, म्हणाले, आणि कोणी केलं ते विचारलं. दादाने इकडे बघितलं नाही की तिकडे बघितलं नाही.

“हिने. मी तर पत्रा कापायला निघालो होतो.”

काकांनी छोटीला चक्क हात जोडले. ती लाजून इतकी लाल झाली की उगाचच कापडाने गाडीची काच पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा स्वतः काउंटरवर बसला आणि राहिलेल्या सहाही जणांना एकेक करून फोन लावायला लागला. गाडी घेऊन या, चूक आमची आहे, फुकट दुरुस्त करून देतो. त्याने एकही फोन छोटीवर ढकलला नाही. त्यातला एक ठेकेदार जवळच राहायचा, तो तासाभरात आला. सवयीने किल्ली दादापुढे धरली आणि म्हणाला की काम तुम्हीच करा, दुसऱ्या कोणाचा हात लागायला नको.

दादाने रिसीव्हरवर हात ठेवला.

“मागच्या वेळी मीच केलं होतं, म्हणून तर आज परत यावं लागलं तुम्हाला. आता दारं ती बघते. दोन्ही.”

छोटीने किल्लीसाठी हात पुढे केला.