छबूताईंच्या नावाचा पत्ता

मी एक जुना पत्ता आहे, मित्रांनो. पण मला गल्ली नाही, घर नंबर नाही आणि पोस्टमन माझ्याकडे फिरकत नाही. इंटरनेटवर टाइप करतात ना, तसला पत्ता. मोठी माणसं मला डोमेन नेम म्हणतात.

एकोणीस वर्षांपूर्वी छबूताईंनी मला स्वतःच्या टोपणनावाने घेतलं. त्या शिवणयंत्रं दुरुस्त करतात. यंत्राचं पोट उघडायचं, आतल्या भागांची चित्रं काढायची आणि माझ्या पानांवर लावायची, हा त्यांचा उद्योग. माझी पानं बघून कितीतरी लोकांनी बंद पडलेली यंत्रं घरच्या घरी चालू केली. कौतुकाची पत्रं आली की मी फुशारून जायचो. पुढे ताईंचे डोळे अधू झाले, ऑपरेशन लांबलं आणि दोन वर्षं मला एकही नवं चित्र मिळालं नाही. मी रुसलो होतो, खोटं कशाला बोलू?

त्याच सुमारास बाळांचे कपडे विकणारी एक कंपनी छबू याच नावाने निघाली. आणि पत्त्यांचे नियम ठरवणाऱ्या मंडळापुढे एक नवा नियम आला : कंपनीने मागितला, तर तिच्या नावाचा, पण एकट्या माणसाकडे असलेला पत्ता सात दिवसांत तिला देऊन टाकायचा. म्हणजे माझी उचलबांगडी, आणि ताईंची चित्रं उघड्यावर.

मंडळाच्या सभेत बोलायचं तर ताईंना अर्ज भरायचा होता. त्यात 'संस्थेचे नाव' हा रकाना भरावाच लागे.

"आता संस्था कुठून आणू?" ताई म्हणाल्या.

त्यांची धाकटी बहीण हसली. "तुझी संस्था म्हणजे तू आणि तो तेलाचा डबा."

ताईंनी 'मी स्वतः' असं लिहिलं. अर्ज परत आला. मग त्यांनी माझ्यासारखे पत्ते बाळगणाऱ्यांना पत्रं धाडली. कुणी मधमाश्या पाळणारे होते, कुणी भूगोलाच्या निवृत्त बाई. त्रेचाळीस जणांनी त्याच रकान्यात तेच लिहिलं. एवढे अर्ज परत जाताना पाहून मंडळाच्या अध्यक्षबाईंनी चौकशी केली, आणि सगळ्यांच्या वतीने बोलायला ताईंना तीन मिनिटं दिली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ताई बोलल्या. "मी कुठल्या संस्थेची नाही. हे नाव मला माझ्या आईनं दिलं, आणि हा पत्ता मी एकोणीस वर्षं सांभाळतेय. नियम करायचे तर करा, पण आधी आम्हाला विचारा की."

मतदान झालं आणि तो नियम मागे पडला. मालकाला विचारल्याशिवाय पत्ता काढून घ्यायचा नाही, असं ठरलं. शिवाय आमच्या मालकांसाठी मंडळात एक खुर्ची ठेवली, सध्या वर्षभरापुरती. एक खुर्ची म्हणजे काही राज्य नव्हे, पण उभं राहण्यापेक्षा बरं.

पुढे कंपनीने रीतसर विचारलं. एव्हाना ताईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. ताईंनी 'नाही' म्हणून कळवलं, आणि त्याच दुपारी मला एक नवं चित्र दिलं. मला इतका आनंद झाला की विचारू नका.

मित्रांनो, एक दिवस तुमच्या नावाचाही पत्ता असेल. त्याची विचारपूस करत जा. आणि त्याच्याबद्दल कुठे काही ठरत असलं, तर 'आपल्याला कोण विचारतंय' म्हणून घरी बसू नका. आम्हा पत्त्यांना सभेत हात वर करता येत नाही. तुम्हाला येतो.