आखातीआधीचा रस

सासूबाईंना आमच्या घरी आणलं तेव्हा मला वाटलं होतं, खाऊ घालणं हा काय मोठा प्रश्न आहे? जव्हारच्या डेपोत मी मेकॅनिक आहे. एसटीचं अख्खं इंजिन खाली उतरवतो, मग चार चमचे पोटात उतरवायला कितीसं लागतं? माझी अक्कल तेवढीच.

त्यांना लकवा मारला होता. हातपाय जरा सावरले, बोलणं बोबडं का होईना परत आलं, पण गिळताना ठसका लागायचा. डॉक्टर म्हणाले, पातळ काही देऊ नका, घट्टच द्या, चमचा तिरका केला तरी ओघळता कामा नये. आणि पोटात पुरेसं गेलं नाही तर नाकातून नळी घालायला नाशिकला न्यावं लागेल. नळीचं नाव ऐकलं आणि माझी बायको सुनिता दवाखान्याच्या पायरीवरच रडायला लागली. जामसरला, तिच्या माहेरी, शेजारच्या म्हातारीला असंच नळीसाठी नेलं होतं, ती परत आलीच नव्हती.

नागलीची घट्ट आंबील दोन चमचे घेतली की मामी तोंड फिरवत. मी सासूला मामीच म्हणतो. मऊ भात दिला तर तो गालात धरून बसत. शेवटी सुनितानं मोबाइलवर शोधाशोध केली. एका पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघरात एक बाई फळं आणि नारळाचं दूध मिक्सरमध्ये घालून ट्रॉपिकल स्मूदी करत होती. झाल्यावर तिनं ग्लासाच्या कडेला फूलसुद्धा खोचलं.

"फूल तेवढं राहू दे," मी म्हटलं. "मामींना वाटेल, आत्ताच हार घालताय."

सुनितानं माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं पिशवी घेऊन बाजारात गेलो.

केळी आणली, डहाणूचे चिकू आणले, पपई, अननस, नारळ, सगळं आणलं. आमचा मिक्सर जन्माचा चटणीवाला. पहिल्या ग्लासाला लसणाचा असा काही वास आला की तो मलाच प्यावा लागला. मग भांडं लिंबानं घासलं, उन्हात ठेवलं. अननसानं मामींची जीभ चरचरली. पपईचा म्हणे वास येतो. चिकूवर तर त्यांनी एवढंच विचारलं, "यात माती कोणी घातली?" केळ्याचा मात्र अर्धा ग्लास गेला आणि सुनिता दिवसभर गुणगुणत होती. दुसऱ्या दिवशी तेही बंद. उचलून बसवताना मला भीती वाटायची, इतक्या त्या हलक्या झाल्या होत्या.

बाजारात तेव्हा नुकते आंबे आले होते. मी घेऊन आलो, सुनितानं ते पाहिले आणि तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली.

आमच्याकडे आखातीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांना पान वाढतात. नवा आंबा त्यांच्या पानात पडल्याशिवाय घरात कोणी तोंडाला लावत नाही. एरवी पोरं झाडाखाली चोरून खातात आणि म्हातारी माणसं बघून न बघितल्यासारखं करतात. पण माझे सासरे दिवाळीच्या सुमारास गेले होते आणि ही त्यांची पहिली आखाती होती. या वर्षी पहिला आंबा त्यांचा. आखातीला अजून आठवडा तरी होता.

"आजारी माणसाला माफ असतं," मी म्हटलं.

"ते तू तिला सांग," सुनिता म्हणाली.

तरी तिनं केला. आंबा, दोन केळी, नारळाचं घट्ट दूध. मिक्सर फिरला आणि वास खोलीभर पसरला. मामींनी डोळे उघडले. चमचा जवळ गेला तेव्हा त्यांचं तोंड आपोआप उघडलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आणि लगेच मिटलं.

"आखाती झाली का?"

सुनिताचा हात तसाच थांबला. गावी असत्या तर मामींनी हे विचारलंच नसतं. अमावास्येनंतरची चंद्राची कोर त्यांनी अंगणातून पाहिली असती. आमच्या खोलीची खिडकी शेजाऱ्यांच्या भिंतीकडे उघडते, तिथून आभाळ दिसत नाही.

"झाली ना," सुनिता म्हणाली. "परवाच झाली. तू झोपेत होतीस."

"तुझे बाला कोणी वाढला?"

"दिपेशदादानं."

"कावळा आला?"

"आला. लगेच आला."

मामी तिच्याकडे बघत राहिल्या. मी भांड्यातल्या आंब्याच्या सालींकडे बघत राहिलो. मग त्यांनी तोंड उघडलं.

पूर्ण ग्लास गेला. ठसका नाही, काही नाही. शेवटचा चमचा त्यांनी जिभेवर घोळवून घोळवून गिळला आणि म्हणाल्या, "गोड हाय." सुनिता मोरीत गेली आणि नळ सोडून रडली. मी बाहेरून विचारलं, तर म्हणाली, आनंदानं रडतेय. मला ते पूर्ण खरं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मीही खूश होतो. त्या आठवड्यात मामींच्या गालांना रंग आला. एकदा तर त्यांनी मला, "जावाय, तू लई जाडा झाला," असं ऐकवलं. नळीचा विषय निघेनासा झाला.

दिपेशला आधी सांगून ठेवायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण जामसरला त्याच्या घरापाशी रेंज नाही, आणि सुनिताला ती गोष्ट भावाशी तोंडानं बोलायचीच नव्हती. शेतीच्या कामात तो कुठला येतोय, असं म्हणून आम्ही दोघांनी ते ढकलून दिलं.

आखातीच्या दिवशी दुपारी तो आलाच. अंगावर धुतलेला सदरा, हातात पळसाच्या पानात बांधलेला प्रसाद. सुनिता नेमकी आईला रस भरवत होती. मी उठून दाराकडे निघालो, पण तो उंबऱ्यातूनच बोलला.

"आई, बाला वाढून आलो. पयला आंबा त्यालाच घातला. कावळा लगेच आला बघ!"

किती आनंदानं सांगत होता बिचारा! घरून निघाल्यापासून हेच वाक्य मनात घोळवत आला असणार.

"कधी?" मामींनी विचारलं.

"आता. सकाळी."

त्यांनी ग्लासाकडे पाहिलं. सुनिताकडे पाहिलं नाही. त्या ओरडतील, रडतील, निदान चांगल्या हातानं ग्लास तरी ढकलतील, असं मला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"उभ्या जन्मात मी त्याचे आधी जेवली नाय," त्या हळू म्हणाल्या. "आता त्याला माझा उष्टा गेला."

"आई, तुझी चूक नाय, मी खोटं बोलले," सुनिता म्हणाली. "तुला जगवायला बोलले. बाला कळतं ते. बा रागावणार नाय."

"तुझा खोटा मना तवाच कळला होता, पोरी." मामींचा आवाज अगदी शांत होता. "तू लहान असल्यापासून खोटा बोलताना पापण्या मिटतेस. पण मना गोड लागला."

दिपेश पानाची गाठ न सोडता खाली बसला. त्याला आता सगळं उलगडत होतं आणि तो एकदा बहिणीकडे, एकदा माझ्याकडे बघत होता.

"मना आता नको," मामी म्हणाल्या आणि ओठ मिटले.

आम्ही तिघांनी सगळं केलं. मी समजावलं, दिपेशनं पाया पडून विनवलं. उलट आता तर खरी आखाती झाली, आता खायला काही हरकत नाही, असंही सांगितलं. सुनितानं आधी हात जोडले, मग चिडून नळीची भीती घातली, मग परत हात जोडले. मामी आमचं सगळं ऐकत होत्या. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, त्यामुळे कशावर भांडायचं तेच कळेना. एवढा मोठा मी माणूस, पण त्या एवढ्याशा मिटलेल्या तोंडापुढे माझं काही चालेना.

सुनितानं चमचा त्यांच्या ओठांना टेकवला. ओठ हलले नाहीत. घट्ट केलेला रस, तरी तो कोपऱ्यातून हळूहळू हनुवटीवर आला. तिनं तो पदरानं पुसला आणि चमचा पुन्हा भरला.