तिथीच्या पाच प्रती

प्रभावतीताई आमच्या बनारसच्या ऑफिसात आल्या आणि माझ्यासमोर फोन धरला. आमच्या ॲपचा मेसेज होता: श्राद्धतिथी चार दिवसांवर.

"ह्यांची तिथी महिन्यापूर्वीच गेली, बेटा," त्या म्हणाल्या. माहेर सोलापूरचं, सासर बनारसच्या मिश्रांचं. "दीर सगळ्यांसमोर म्हणाला, फाल्गुन कृष्ण षष्ठी होळीच्या आधी येते, भाभी, तुम्ही भैयांना विसरलात. मला वाटलेलं, मलमास होऊन गेला, तिथी पुढे सरकली असेल."

देवव्रत माझा वरिष्ठ. त्याने स्क्रीनवरून मान वळवली नाही. "एंट्री गलत भरली असेल, काकू."

मी नोंद उघडली. एंट्री बरोबर होती. 'पौर्णिमांत'वर खूण होती. मराठी घरांत महिना अमावास्येला संपतो, म्हणजे अमांत; इथल्या घरांत पौर्णिमेला. त्यामुळे कृष्ण पक्षात महिन्याचं नाव बदलतं. पहिला कोड आम्ही घरच्या सवयीने नुसता अमांत लिहिला होता. दोन वर्षांपूर्वी ती चूक मी दुरुस्त केली आणि देवव्रतला सांगितलं, हा तिथीचा कोड एकाच सामाईक जारमध्ये, म्हणजे सगळ्यांनी वापरायच्या एका फाइलमध्ये, ठेवू. ॲप तीच वापरेल, ॲपला जोडलेली पाचही प्लग-इन तीच वापरतील.

तो म्हणाला होता, "अरे, कॉपी मार. रिलीज आहे."

आणि घाईत दुरुस्त कोडऐवजी त्यानेच जुना कोड पाचही प्लग-इनमध्ये चिकटवला होता. ॲपच्या पडद्यावर फेब्रुवारी दिसत होता. आठवण पाठवणारं प्लग-इन स्वतःच्या जुन्या प्रतीतून मार्च काढत होतं.

"चूक आपली आहे," मी म्हणाले.

"तुझ्या कोडची."

"तुझ्या कॉपीची. मी लेखी कळवलं होतं. दोनदा."

"काकूंच्या समोर नको, यार."

"त्यांच्याच समोर."

माझा आवाज चढला नाही.

प्रभावतीताईंनी पदर सावरला. "श्राद्ध अमावास्येला करीन, गुरुजी हो म्हणालेत. पण मी विसरले नव्हते, एवढं कुणी लिहून देईल का?"

"लेटरहेडवर नाही," देवव्रत म्हणाला. "कल को सगळे मागतील."

"मागू देत. किती घरांच्या तिथ्या चुकल्यात, ते तरी कळेल."

मी कोरा कागद घेतला. नोंद बरोबर होती, तारीख आमच्या प्रोग्रॅमने चुकवली, का चुकवली, हे चार ओळींत लिहिलं. खाली पूर्ण नाव: इरावती गोपीनाथ आठल्ये. ताईंनी कागद दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि देवव्रतकडे न बघता गेल्या.

मग मी पाचही प्लग-इनमधल्या प्रती पुसल्या. प्रोग्रॅम जुळवणारा बिल्ड पाच ठिकाणी मोडला.

"आज रिलीज आहे," देवव्रत ओरडला.

"आज नाही," मी म्हणाले आणि सामाईक जार पहिल्या प्लग-इनला जोडायला घेतली.