वरीलप्रमाणे शेळी

मी एक जुना स्कॅनर आहे. मित्रांनो, माझं आयुष्य म्हणजे छातीवर फोटो पालथा घालून घ्यायचा, पोटातला दिवा या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा आणि परत आणायचा. तेरा वर्षं मी एवढंच केलं. जग पाहिलंस का, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, सगळं पाहिलं, पण पालथं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका रांगेत आम्ही चारशे भाऊ. निघताना प्रत्येकाच्या पोटाखाली 'तपासले' असा शिक्का मारला. त्यानंतर माझी तपासणी कुणीही केलेली नाही.

तिथून मी आलो तो सार्वजनिक ग्रंथालयात. स्वच्छतागृहाच्या पलीकडे झाडू ठेवायची एक खोली होती. झाडू हलवले, मला ठेवलं, वास तसाच राहिला. त्या खोलीत 'डिजिटल प्रकल्प व मेटाडेटा ग्रंथपाल' बसणार होत्या. पाटी रंगवणाऱ्याने अक्षरं एवढी मोठी काढली की 'मेटा'पर्यंत येऊन पाटी संपली. तेव्हापासून त्यांना सगळे मेटाताई म्हणतात. लोक दार उघडून विचारतात, "इथं प्रिंटर दुरुस्त होतो का?" ताई नाही म्हणतात आणि दुरुस्त करून देतात.

त्यांच्या आईचा जेवणाच्या सुट्टीत फोन येई.

"अगं, तू पुस्तकं देतेस ना लोकांना?"

"नाही गं आई. ते समोरच्या काउंटरवर."

"मग तू करतेस तरी काय?"

"कुठल्या फोटोत कोण आहे, कधीचा आहे, ते लिहून ठेवते. कुणी शोधलं तर सापडावं म्हणून."

"कुणी शोधतंय का?"

"अजून तरी नाही."

"बरं. जेवून घे."

मग 'गावाचा अल्बम' निघाला. लोकांनी घरातले जुने फोटो आणायचे, मी त्यांची प्रत काढायची, फोटो परत न्यायचे. उद्घाटनाला पाहुणे आले, टाळ्या झाल्या, माझ्या झाकणावर पुष्पगुच्छ ठेवला. त्याचं पाणी माझ्या बिजागरीत गेलं. मित्रांनो, माझं कौतुक झालं ते तेवढंच, आणि त्यानंतर आठ दिवस माझा घसा खरखरत होता.

दुसऱ्या दिवसापासून कामाचा डोंगर. मुख्य ग्रंथपालांना सगळे मोठे साहेब म्हणतात. ते रोज दारातून डोकावत. "महिनाअखेर तीन हजार झाले पाहिजेत. कसेही."

कसेही! एका फोटोमागे ताईंना चौदा रकाने भरावे लागत. कोण, कुठे, कधी, कुणी दिला, चित्रात काय दिसतं. प्रत्येक रकान्याशेजारी एक इवलासा चौकोन होता: 'वरीलप्रमाणे'. त्यावर टिचकी मारली की आधीच्या फोटोची माहिती पुढच्याला आपोआप चिकटे. आळशी माणसाने आळशी माणसांसाठी केलेली सोय. ताई आळशी नव्हत्या, दमलेल्या होत्या. यंत्राला या दोन्हीतला फरक कळत नाही. मोठ्या साहेबांनाही नाही.

एका दुपारी ताईंच्या अंगात ताप होता. एक आजी पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो घेऊन आल्या. चौकटीतून काढताना पुठ्ठ्याच्या कडेला एक बारीक खिळा तसाच राहिला होता. ताईंनी फोटो माझ्यावर ठेवला, सरळ करायला जरा सरकवला, आणि त्या खिळ्याने माझ्या काचेवर कोपऱ्यात बोटभर चरा काढला. आजी हळहळल्या. "अगं बाई, खरचटलं की याला!" तेरा वर्षांत माझी विचारपूस करणारं हे पहिलं वाक्य. मी जपून ठेवलंय.

ताईंनी प्रत काढली, आजींना फोटो परत दिला. एका नजरेत जे दिसलं तेवढंच लिहिलं: 'शेळी, उभी'. बाकीचे रकाने कोरेच राहिले. पुढचा फोटो ठेवताना एका चौकोनाऐवजी सगळ्याच चौकोनांवर टिचकी पडली. आणि ती तशीच राहिली.

मित्रांनो, त्या महिन्यात अकराशे चाळीस फोटो चढले. शाळेची सहल: शेळी, उभी. पूल बांधणारे गवंडी: शेळी, उभी. एका दंतवैद्याचा लग्नाचा फोटो: शेळी, उभी. ग्रंथालयाच्या उद्घाटनात फीत कापणारे मोठे साहेब: तेही तेच. दोन महिने कुणाला काही कळलं नाही, कारण दोन महिने कुणी काही शोधलंच नाही. मला शेळीपेक्षा ते जास्त लागलं.

मग त्याच आजी परत आल्या. वरच्या मजल्यावरचा नळ फुटून त्यांची ट्रंक भिजली होती, फोटोचा लगदा झाला होता.

"माझ्या दादाचा तेवढा एकच फोटो होता गं. एकोणिसाव्या वर्षी गेला तो. शुक्रवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, बहुतेक दिसेल. ते 'बहुतेक' मला आवडलं नाही. त्याआधी एकदा बघून घेते त्याला."

"काळजी करू नका आजी. इथं काही हरवत नाही," असं म्हणून ताईंनी आजींचं नाव घालून शोध घेतला. काही नाही. दादाचं नाव. काही नाही. ज्या दिवशी फोटो दिला तो महिना घातला. अकराशे चाळीस नोंदी आल्या.

आजी पडद्याला नाक लावून बराच वेळ वाचत होत्या. "शेळ्या बऱ्याच आहेत गं तुमच्याकडे."

ताईंचा चेहरा माझ्या काचेपेक्षा पांढरा झाला.

त्या दिवसापासून ताईंनी एकेक नोंद उघडायला घेतली. शिपाईमामा चहा आणून ठेवत, तो गार होई, मामा तो स्वतः पीत आणि दुसरा आणत. साहेब डोकावले. "जुनं काय उकरताय? नवे किती झाले?"

"एकही नाही सर."

"मग मी वर काय कळवू?"

"कळवा की तुम्ही शेळी आहात," असं ताई म्हणाल्या नाहीत. पण मी त्यांना तेरा वर्षं ओळखतो.

एकट्या तरुणाचे त्रेचाळीस फोटो निघाले. गुरुवारी सकाळी आजींना बसवून एकेक चेहरा पडदाभर मोठा करून दाखवला.

"हा?"

"नाही. याचे कान बघ."

"हा?"

"हा तर आमचा शेजारी. माझ्या लग्नात जेवून भांडला होता."

त्रेचाळीस संपले. आजींनी चष्मा काढून पुसला. "असू दे बाळा. तू तरी किती बघशील?" ताई रडल्या नाहीत, त्यांनी फडकं घेतलं. काय करावं ते कळेनासं झालं की त्या माझी काच पुसतात.

मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं. दादा माझ्याच छातीवरून गेला होता. पण मला तोंड नाही, झाकण आहे. मी दिवा लुकलुकवून पाहिला. मामा म्हणाले, "याचं आता भरत आलंय."

पुसता पुसता ताईंचं बोट कोपऱ्यातल्या चऱ्यावर अडकलं. एकदा पुढे गेलं, परत आलं.

"आजी, हा चरा तुमच्या फोटोनं पाडला ना?"

"हो गं. अजून वाईट वाटतं मला."

"मग त्याच्या आधीच्या एकाही फोटोवर तो नसणार. आणि पहिला येणार तो तुमच्याच."

त्यांनी प्रती ज्या क्रमाने काढल्या त्याच क्रमाने उघडल्या. कोपरा स्वच्छ, स्वच्छ, स्वच्छ, आणि मग केसासारखी एक रेघ. त्या फोटोत एक शेळी उभी होती. तीच, पहिली, खरीखुरी शेळी! चुका शोधताना ताईंनी 'वरीलप्रमाणे'ची टिचकी पडलेल्या नोंदीच उघडल्या होत्या, तेवढी ही एक उघडलीच नव्हती. कारण ती बरोबर होती.

शेळीच्या मागे, तिच्या गळ्यात हात टाकून, एक पोरगेला तरुण हसत होता.

मामा म्हणाले, "काखेत कळसा."

"आजी, फोटोत शेळी होती?" ताईंनी विचारलं.

"होती ना."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी दादाला शोधत होते. शेळीचं कशाला सांगू?"

ताईंनी चेहरा मोठा केला. दादाने पडदा भरला. आजींनी पडद्यावर बोट टेकवलं आणि त्याच्या खांद्यावरून जाणारी माझी रेघ हळूच पुसायचा प्रयत्न केला. ती काही पुसली गेली नाही. मग त्यांनी बोट तिथेच राहू दिलं.

ताईंनी चौदाही रकाने हाताने भरले. दादाचं नाव, वय, गाव, फोटो देणारी: धाकटी बहीण. 'चित्रात काय दिसतं' इथे आल्यावर आजी म्हणाल्या, "शेळीचंही नाव लिही. मास्तरीण म्हणायचो आम्ही तिला. सगळ्यांवर डाफरायची." तेही लिहिलं.

ऑपरेशन नीट झालं. आता आजींना लख्ख दिसतं, आणि त्या रोज येऊन ताईंच्या शेजारी बसतात. "ही शेळी नव्हे, ही पोस्टातली बाई," असं एकेक सांगतात. रोज दहा नोंदी माणसांत येतात. मोठे साहेब अजून शेळीच आहेत. त्यांचा नंबर पुढच्या मंगळवारी.

माझ्या जागी नवा स्कॅनर आलाय. चारपट वेगवान, काच निर्मळ, आठवण शून्य. मी खालच्या फळीवर असतो. मी दमलोय, त्यामुळे फळी बरी वाटते. माझ्यावर ताईंनी चिठ्ठी चिकटवली आहे, स्वतःच्या हाताने लिहिलेली: 'स्कॅनर, जुना. काचेवर चरा आहे. टाकू नये.'

मित्रांनो, तुमच्याकडे फार काही मागत नाही. आज घरी गेलात की एक जुना फोटो काढा, ज्यांना माहीत आहे त्यांना विचारा, आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने हलकेच लिहा, हा कोण, ही कोण. फोटो दहा असले तर दहाही वेळा लिहा. हात दुखला तरी 'वरीलप्रमाणे' लिहू नका.